बीची पॉइंट, १९५५ : तेल सापडण्याआधीच्या आर्क्टिक किनाऱ्याचा इंची नकाशा कसा वाचायचा, कसा मोजायचा

दिशादर्शक

अलास्काचा उत्तर किनारा. समोर ब्यूफोर्ट समुद्र, अक्षांश ७० ते ७१ उत्तर, रेखांश १४७ ते १५० पश्चिम. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, म्हणजे यूएसजीएसच्या, १:२,५०,००० मालिकेत या चौकोनाचं नाव 'बीची पॉइंट'. प्रुडो बे याच चौकोनात आहे. १९६८ मध्ये इथे तेल लागलं. १९७४ ते ७७ या काळात इथून दक्षिणेला वाल्डीझ बंदरापर्यंत ८०० मैलांची पाइपलाइन टाकली गेली आणि जून १९७७ मध्ये तेल वाहू लागलं. आज त्या जागी रस्ते, खडीचे ओटे, विमानतळ आणि समुद्रात घुसलेले भराव दिसतात.

१९५५च्या आवृत्तीत यातलं काहीच नाही. तळी आहेत, नद्यांचे फाटे आहेत, किनाऱ्यासमोर वाळूच्या बेटांची माळ आहे आणि मैलोन् मैल अंतरावर एखादी समोच्च रेषा. हा नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर ठेवून 'आधी आणि नंतर' दाखवण्याचा मोह होतो, आणि जालावर अशी चित्रं पुष्कळ फिरतात. त्यातल्या बऱ्याच चित्रांत किनारा शे-दीडशे मीटर सरकलेला दिसतो, पण ते सरकणं समुद्रामुळे आहे की डेटममुळे, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले तो बदलल्यामुळे, हे कुणी तपासलेलं नसतं. म्हणून हा धागा; प्रत्येक टिपणाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. कोणतं शीट घ्यावं, ते जागेवर कसं बसवावं आणि त्यातून काय सिद्ध होतं, काय होत नाही, एवढंच इथे लिहू या.

सुरुवात शीट निवडण्यापासून. १:२,५०,०००च्या एका चौकोनाचे १:६३,३६०च्या इंची शीटांत तुकडे केले आहेत. एक इंच म्हणजे एक मैल. आपल्याकडच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या इंची शीटांचं प्रमाण हेच होतं आणि उंचीही हीच, १५ मिनिटं अक्षांश. पुण्याचं ४७ एफ/१४ ज्यांनी हाताळलं आहे त्यांना हात लगेच बसेल. फरक रुंदीत आहे. ध्रुवाकडे रेखांश जवळ येतात, म्हणून ६८ अंशांच्या उत्तरेला प्रत्येक शीट ३६ मिनिटं रेखांशाचं केलं आहे. त्यामुळे एका चौकोनात चार ओळी आणि पाच स्तंभ बसतात. ओळींना ए ते डी अशी अक्षरं, दक्षिणेकडून उत्तरेकडे. स्तंभांना १ ते ५ आकडे, पण *पूर्वेकडून पश्चिमेकडे*. इथे हमखास गोंधळ होतो. प्रुडो बे ७० अंश २० मिनिटं उत्तर, १४८ अंश २० मिनिटं पश्चिम या जागेच्या आसपास आहे, म्हणजे शीट बी-३.

ही शीटं यूएसजीएसच्या ऐतिहासिक नकाशासंग्रहात, टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर, फुकट उतरवता येतात. जिओपीडीएफ, जिओटिफ, जेपीईजी आणि केएमझेड असे पर्याय असतात. मोजमाप करायचं असेल तर जिओटिफ, म्हणजे जागेची माहिती सोबत असलेलं चित्र, घ्या. आणि समास कापलेली प्रत कधीच घेऊ नका, कारण अर्धी माहिती समासात असते.

---

टिपणवही

समासाबद्दल पुढे लिहिते.

खालच्या उजव्या कोपऱ्यातलं साल आवृत्तीचं असतं. जमीन त्या सालची असेलच असं नाही. डाव्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. नियंत्रण बिंदू (ज्यांची जागा पक्की माहीत आहे असे बिंदू) कोणाचे, हवाई छायाचित्रं कोणत्या वर्षीची, प्रत्यक्ष जमिनीवर पडताळणी झाली की नाही, क्षैतिज डेटम कोणतं, हे सगळं तिथे असतं. या किनाऱ्यावर अमेरिकन नौदलाने १९४०च्या दशकाच्या शेवटी छायाचित्रं घेतली, १९५५च्या सुमारास पुन्हा उड्डाणं झाली. 'आधीचं' वर्ष म्हणून छायाचित्राचं साल धरायचं, छपाईचं नाही.

दुसरं, जांभळा रंग. यूएसजीएसच्या पद्धतीत माणसाने बांधलेलं काळ्यात, पाणी निळ्यात, समोच्च रेषा तपकिरीत असतात. नंतरच्या छायाचित्रांवरून कार्यालयात बसून जी भर घातली ती जांभळ्यात येते. जांभळं असलेलं शीट 'तेलाआधीचं' म्हणून वापरायचं नाही, त्याची मूळ आवृत्ती शोधायची. टोपोव्ह्यूवर एकाच शीटच्या अनेक छपाया असतात. सगळ्यांची नावं आणि सालं उघडून बघावी लागतात.

काही वेळा समास फाटलेला किंवा पुसट असतो. तेव्हा चित्रातल्या खुणांवरून काळ ठरवता येतो. शीतयुद्धातल्या रडार साखळीची ठाणी, ज्यांना ड्यू लाइन म्हणत, १९५५ ते ५७ मध्ये बांधली गेली. या चौकोनाच्या पश्चिम कडेला ओलिकटोक पॉइंटला एक ठाणं आहे. ते आणि त्याची धावपट्टी दिसत नसेल तर मूळ छायाचित्र बांधकामाआधीचं. प्रुडो बेजवळच्या डेडहॉर्स या तेलकामगारांच्या वस्तीची धावपट्टी दिसली तर १९६८ नंतरचं. वेस्ट डॉक या धक्क्याचा भराव दिसला तर १९७४-७५ नंतरचं. सागावानिर्कटोक नदीच्या मुखासमोर एंडिकॉट तेलक्षेत्राचा लांब भराव दिसला तर १९८०च्या दशकाचा उत्तरार्ध.

---

मोजपट्टी

आता जागेवर बसवणं. बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर.

जुन्या शीटांचं डेटम नॅड२७ (१९२७चं उत्तर अमेरिकी डेटम; नॅड८३ हे १९८३चं), एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीसाठी धरलेला लंबगोल, क्लार्क १८६६. अलास्कात नॅड२७ आणि नॅड८३ यांतला फरक २०० मीटरांपर्यंत जाऊ शकतो. हा फरक संपूर्ण राज्यात एकसारखा नाही, त्यामुळे 'सगळं चित्र अमुक मीटर उजवीकडे सरकवा' हा उपाय चालत नाही. त्यासाठी नॅडकॉन या डेटम-रूपांतर पद्धतीची अलास्कासाठीची ग्रिड फाईल, म्हणजे जागोजागच्या फरकांचं कोष्टक, लागते. प्रोज या अक्षांश-रेखांश रूपांतराच्या साधनाच्या नव्या संचात ती us_noaa_alaska या नावाने येते, म्हणजे 'यूएस नोआ अलास्का'. तिची अचूकता अर्ध्या मीटरच्या आसपास आहे, आपल्या कामाला भरपूर.

क्यूजीआयएस या फुकट नकाशा-प्रणालीत ही फाईल नसेल तर कार्यक्रम थांबत नाही. तो अंदाजे रूपांतर करून मोकळा होतो, आणि पडद्यावर फक्त एक लहानशी सूचना येते. ती सूचना न वाचता मिटवली की शंभराहून अधिक मीटरांची चूक किनाऱ्याची धूप म्हणून मोजली जाते. सेटिंग्जमध्ये ट्रान्सफॉर्मेशन्सच्या पानावर नॅड२७ ते नॅड८३साठी ही फाईल पक्की निवडून ठेवा. कॅनडाची एनटीव्ही२ ग्रिड यादीत शेजारीच दिसते. ती इथे वापरायची नाही.

उतरवलेल्या जिओटिफला जागा दिलेली असतेच, पण ती तपासा. तपासून समाधान झालं नाही तर कच्चा स्कॅन घेऊन स्वतः बसवा :

१. नियंत्रण बिंदू म्हणून चार कोपरे आणि आतल्या भागातल्या अक्षांश-रेखांशांच्या अधिक चिन्हासारख्या सगळ्या खुणा घ्या. नद्या, तळी, किनारा यांना हात लावायचा नाही. ज्याचं सरकणं मोजायचं आहे त्याच्याच आधारे नकाशा बसवला तर उत्तर शून्यच येणार.

२. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश ईपीएसजी ४२६७ (नॅड२७च्या अंशांचा संकेतांक) मध्ये लिहा आणि त्यांचं ईपीएसजी २६७०६ मध्ये, म्हणजे नॅड२७ यूटीएम झोन ६ उत्तर या मीटरांतल्या जाळीत, रूपांतर करून ते आकडे जिओरेफरन्सर या क्यूजीआयएसमधल्या नकाशा बसवण्याच्या साधनात द्या. थेट अंशांत बसवू नका. ७० अंशांवर एक अंश रेखांश जेमतेम ३८ किलोमीटर आणि एक अंश अक्षांश १११ किलोमीटरहून जास्त. अंशांत मिळालेली शिल्लक चूक, म्हणजे बसवल्यावर बिंदू जितका हुकतो तेवढं अंतर, दोन दिशांना वेगळी भरते आणि काही कळत नाही.

३. पहिल्या घाताचं बहुपद, म्हणजे नुसतं सरकवणं, फिरवणं आणि सरळ ताणणं, पुरतं. शिल्लक चूक तीन-चार पिक्सेलांच्या वर गेली तर बिंदू चुकला आहे किंवा कागद ताणला आहे. थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे नकाशा रबरासारखा ताणणारी पद्धत, फक्त घड्या पडलेल्या किंवा फाटून चिकटवलेल्या शीटला. ती पद्धत प्रत्येक बिंदूवर चूक शून्य दाखवते, म्हणून चुकलेला बिंदूही लपून जातो.

४. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर ५.४ मीटर. ६०० ला २.७ मीटर. त्याहून बारीक स्कॅनने काही हाती लागत नाही, कारण ०.२ मिमी जाडीची छापील रेषाच जमिनीवर १२-१३ मीटर रुंद असते.

---

खाजण

मोजपट्टी, तपासणीसाठी मग कोणती खूण वापरायची? तिथे ना देऊळ ना पूल ना रस्त्यांची चौफुली. सगळीकडे पाणी आणि दलदल.

---

मोजपट्टी

पिंगो. जमिनीखालच्या बर्फाच्या गाभ्याने वर उचललेल्या टेकड्या. या सपाट मैदानात त्या उठून दिसतात, नकाशात छोट्या बंद समोच्च रेषेने दाखवलेल्या असतात, आणि साठ-सत्तर वर्षांत त्यांचा माथा जागचा हलत नाही. आर्क्टिकडीईएम या दोन मीटरच्या उंची-प्रतिमानावर डोंगरछाया, म्हणजे चढउतार सावलीने दाखवणारं चित्र, काढली की पिंगो लगेच सापडतात. एका शीटवर पाच-सहा पिंगो घ्या, नकाशातला माथा आणि आजचा माथा यांतला फरक प्रत्येक ठिकाणी मोजा. सगळे फरक एकाच दिशेला आणि जवळपास सारखे असतील तर डेटमचं काम बिघडलं आहे. विखुरलेले असतील तर ती नकाशाची स्वतःची चूक आहे आणि ती तशीच स्वीकारायची.

सर्वेक्षणाच्या धातूच्या चकत्या मात्र जपून वापरा. गोठण्या-वितळण्याने त्या खांबासकट वर उचलल्या जातात. आडव्या जागेला बहुधा हरकत नसते, उंचीवर विश्वास ठेवू नये.

---

उत्तरायण

उंचीचा विषय निघालाच आहे तर : जुन्या नकाशावरून जमीन खचल्याचं सिद्ध करायचा प्रयत्न इथे करू नका. यूएसजीएसच्या अचूकता-मानकानुसार ९० टक्के बिंदूंची उंची समोच्च अंतराच्या निम्म्यापर्यंत बरोबर असावी लागते. समोच्च अंतर २५ फूट असेल तर ही मुभा साडेबारा फूट, म्हणजे ३.८ मीटर. बर्फ वितळून जमीन खचते ती बहुतेक ठिकाणी एक मीटरच्या आत. नकाशाला ते दिसूच शकत नाही. शिवाय जुन्या नकाशाची उंची समुद्रसपाटीपासून फुटांत आणि आर्क्टिकडीईएमची एलिप्सॉइडपासून मीटरांत. दोन्ही थेट वजा केल्या तर निघणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो.

बर्फाच्या पाचरींनी जमिनीवर पडणारे बहुकोन, १० ते २० मीटर व्यासाचे, तेही इंची नकाशात नाहीत. त्यासाठी मूळ छायाचित्रंच हवीत. ती यूएसजीएसच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर 'एरियल फोटो सिंगल फ्रेम्स' या गटात सापडतात. १९६०च्या दशकासाठी कोरोना उपग्रहाची उघड केलेली चित्रं आहेत. त्यातल्या केएच-४बी कॅमेऱ्याला जमिनीवरचं सुमारे दोन मीटरांपर्यंतचं दिसतं, आणि ती तेलाच्या ऐन उंबरठ्यावरची आहेत. नंतरच्या टप्प्यासाठी १९७८ पासूनची अलास्काची उंचावरची अवरक्त छायाचित्रं १:६०,००० प्रमाणात मिळतात.

नौदलाच्या १९४९च्या छायाचित्रांपासून सुरुवात करून प्रुडो बेवर जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात १९९० ते २००१ या काळात रस्ते, तळी आणि नदीपात्रं वगळून उरलेल्या नैसर्गिक जमिनीच्या १९ टक्के भागावर वितळून खचण्याच्या खुणा वाढलेल्या आढळल्या. ती माहिती छायाचित्रांमुळेच मिळाली.

---

खाजण

किनाऱ्याचं काय? मुख्य कुतूहल तेच आहे. नकाशातली निळी रेषा आणि आजची पाण्याची कड यांतलं अंतर म्हणजे धूप, असं धरायचं का?

---

मोजपट्टी

आधी चुकीचा हिशेब मांडा, मग अंतर मोजा.

मानक म्हणतं : १:२०,००० किंवा त्याहून लहान प्रमाणाच्या नकाशात ९० टक्के ठळक बिंदू कागदावर एक पन्नासांश इंचाच्या आत असावेत. म्हणजे ०.५ मिमी. इंची शीटवर जमिनीवर ३२ मीटर. १:२,५०,००० वर १२७ मीटर.

इंची शीटसाठी : नकाशा ३२, रेषेची जाडी १३, बसवण्याची चूक १०, आजच्या सेंटिनल-२ उपग्रहाच्या चित्राची चूक १०. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. साधारण ३७ मीटर. १९५५ ते २०२४ या ६९ वर्षांवर वाटली की वर्षाला ०.५४ मीटर.

यूएसजीएसच्या किनारा अभ्यासात कॅनडाच्या सीमेपासून आइसी केपपर्यंतच्या उत्तर किनाऱ्याची सरासरी धूप वर्षाला १.४ मीटर निघाली. टोकाला वर्षाला १८.६ मीटर धूप आणि दुसऱ्या टोकाला १०.९ मीटर भर. म्हणजे इंची शीटवरून सरासरी धूप ओळखू येते, पण अर्ध्या मीटरच्या आतलं काहीही सांगता येत नाही. १:२,५०,००० वर फक्त पहिल्या दोन चुका मिळून वर्षाला दोन मीटरांच्या घरात जातात. सरासरी धूप त्या नकाशात बुडून जाते. जालावर फिरणारी बहुतेक 'आधी-नंतर' चित्रं नेमक्या याच प्रमाणाची असतात.

किनाऱ्याचंच काम असेल तर इंची शीटही सोडा आणि टी-शीट घ्या. कोस्ट अँड जिऑडेटिक सर्व्हेने १९४०च्या उत्तरार्धापासून या किनाऱ्याची १:२०,०००ची किनारापत्रं केली. नोआ या अमेरिकेच्या सागर-हवामान खात्याच्या संकेतस्थळावर त्यांचे स्कॅन आणि अनेक ठिकाणी काढून ठेवलेल्या किनारारेषाही आहेत. मानकाने चूक १० मीटर, सगळं धरून १५-१६. यूएसजीएसचा वरचा अभ्यासही जुन्या किनाऱ्यासाठी याच पत्रांवर उभा आहे.

---

उत्तरायण

याला एक जोड देतो. किनारारेषा म्हणजे नेमकी कोणती पाण्याची पातळी?

प्रुडो बेला भरती-ओहोटीचा फरक वीत-भरही नाही, १५-२० सेंटिमीटर. पण वाऱ्याने पाणी खूप चढतं-उतरतं. पश्चिमेचा वारा पाणी किनाऱ्यावर चढवतो, पूर्वेचा ओढून नेतो. सप्टेंबर १९७०च्या वादळात लाटांनी आणलेली लाकडं समुद्रसपाटीच्या तीन मीटरहून वर जाऊन पडली होती. सागावानिर्कटोक आणि कुपारुक यांच्या त्रिभुज प्रदेशात उतार इतका मंद आहे की अर्धा मीटर पाणी चढलं की कड शेकडो मीटर आत येते. म्हणून त्रिभुज प्रदेशाच्या मुखावरचा फरक धूप म्हणून मोजूच नये. जिथे दोन ते चार मीटर उंचीचा उभा कडा आहे तिथे मोजा, आणि पाण्याची कड न घेता कड्याचा माथा घ्या. आजचं चित्र जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंतचं निवडा. त्याआधी किनाऱ्याला चिकटलेला बर्फ फसवतो.

कडा मागे जातो कसा तेही लक्षात ठेवा, कारण त्यावरून मोजणी कुठे करायची ते ठरतं. कड्यात मातीइतकाच बर्फ असतो. उन्हाळ्यातलं पाणी पायथ्याला आडवी खाच पाडतं, आणि वरचा आठ-दहा मीटरांचा ठोकळा बर्फाच्या पाचरीच्या रेषेवर तुटून पडतो. त्यामुळे एका वर्षी शून्य आणि पुढच्या वर्षी एकदम दहा मीटर असं होतं. दोनच तारखांवरून काढलेला दर हा लांब काळाचा सरासरी दर असतो, तो एखाद्या विशिष्ट वर्षाला लावू नये.

---

खाजण

आणि बेटं? नकाशात स्टंप, अर्गो, रेनडिअर, क्रॉस अशी माळ आहे. आजच्या चित्रात त्यांतली काही वेगळ्याच जागी दिसतात.

---

उत्तरायण

बेटांचे दोन प्रकार आहेत, आणि नकाशा दोन्ही एकाच रंगात दाखवतो.

पहिला प्रकार निव्वळ वाळू-गोट्यांचा दांडा. प्रचलित वारा पूर्व-ईशान्येचा, म्हणून वाळू पश्चिमेला वाहते. वादळात ती बेटावरून उधळून मागच्या खाजणात पडते. असं बेट झिजत नाही, सरकतं. त्याच्या समुद्राकडच्या बाजूचं मागे सरणं मोजून 'बेट इतकं नष्ट झालं' असं लिहिलं तर ते चुकीचं ठरतं, कारण पलीकडच्या बाजूला ते तेवढंच पुढे गेलेलं असतं. अशा बेटासाठी तीन आकडे काढा : क्षेत्रफळ, मध्यबिंदूचं सरकणं, आणि लांबी. डीएसएएस हे यूएसजीएसचं किनारा-विश्लेषण साधन ५० मीटरांच्या आडव्या छेदांवर छान चालतं, पण वाळूच्या बेटावर ते चालवायचं असेल तर दोन्ही किनाऱ्यांना स्वतंत्र चालवा.

दुसरा प्रकार टुंड्राचा जुना तुकडा, भोवती वाळू. फ्लॅक्समन आणि पिंगोक ही त्यातली. त्यांचा गाभा गोठलेल्या मातीचा असतो आणि तो एकदा गेला की परत येत नाही. इथे धूप हाच योग्य शब्द. नकाशात ओळखायचं असेल तर बेटावर तळं किंवा दलदलीची खूण आहे का पाहा. वाळूच्या दांड्यावर तळं नसतं.

---

दिशादर्शक

फ्लॅक्समनचं नाव आलं म्हणून : हे बेट शेजारच्या पूर्वेकडच्या चौकोनात आहे, आणि या किनाऱ्याच्या नकाशाची खरी पायाभरणी तिथे झाली. अर्नेस्ट लेफिंगवेल हा अमेरिकन भूगर्भ-अभ्यासक १९०६ मध्ये आयनार मिकेल्सनबरोबर 'डचेस ऑफ बेडफर्ड' जहाजातून इथे आला. जहाज बर्फाने निकामी झालं, त्याच्या लाकडाचं फ्लॅक्समनवर घर बांधलं. बाकीचे परत गेले. लेफिंगवेल मात्र १९१४ पर्यंत पुन्हा पुन्हा इथे राहून कुत्र्यांच्या गाड्यांनी आणि छोट्या होड्यांनी फिरत त्रिकोणमापन करत राहिला. त्याचं काम यूएसजीएसने १९१९ मध्ये प्रोफेशनल पेपर १०९ म्हणून छापलं. जमिनीतल्या बर्फाच्या पाचरी कशा वाढतात याचं मूलभूत स्पष्टीकरण त्याचंच. आणि डोंगरात उघड्या पडलेल्या ज्या खडकथराला त्याने सॅडलरोचिट नाव दिलं, तोच थर प्रुडो बेच्या जमिनीखाली खोलवर मुख्य तेलसाठा निघाला. त्याच्या अहवालातले नकाशे १९५५च्या शीटशेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. मोजमापासाठी नको, पण कोणतं बेट तेव्हा कुठे जोडलेलं होतं, कोणतं तुटलेलं होतं हे समजायला फार उपयोगी.

---

टिपणवही

यावर माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, आणि ते आग्रहाने मांडते. 'तेलाआधीचा' नकाशा म्हणजे 'माणसाआधीचा' नकाशा असं या चित्रांखाली लिहिलं जातं, ते खोटं आहे.

नकाशावरची नावंच पाहा. प्रुडो बे, ग्विडर बे, फॉगी आयलंड, रिटर्न रीफ ही १८२६ मध्ये जॉन फ्रँकलिनच्या मोहिमेने दिलेली. मॅकेंझीच्या मुखाकडून पश्चिमेला येता येता धुक्याने आणि बर्फाने अडून ते ऑगस्टमध्ये रिटर्न रीफपासून मागे फिरले. बीची पॉइंटचं नाव त्याच उन्हाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या ब्लॉसम जहाजाच्या कप्तानावरून. मधला तुकडा हडसन्स बे कंपनीच्या डीझ आणि सिम्पसन यांनी १८३७ मध्ये जोडला. पण नद्यांची नावं, कुपारुक, सागावानिर्कटोक, पुटुलिगायुक, ही इन्युपियाट लोकांची आहेत. ते इथे राहत होते, मासेमारी, शिकार आणि बर्फातून ये-जा करत होते. क्रॉस आयलंडवरून नुइक्सुट गावचे लोक आजही व्हेलच्या शिकारीला जातात. हवाई छायाचित्रात तंबू दिसत नाही, मासे सुकवायची जागा दिसत नाही, बर्फात पुरलेलं मांसाचं कोठार दिसत नाही. कार्यालयात बसून केलेल्या नकाशात म्हणून ते आलं नाही.

त्यासाठी नॉर्थ स्लोप बरो या इथल्या स्थानिक शासनाने केलेली पारंपरिक भूवापराची नोंदसूची आहे. नावांसाठी यूएसजीएसचा १९६७चा अलास्का स्थळनाम कोश आहे. प्रत्येक नाव कोणत्या मोहिमेने, कोणत्या साली, कोणत्या रूपात नोंदवलं हे त्यात मिळतं. नकाशा लावायचाच असेल तर या दोन्हींतल्या जागा तिसरा थर म्हणून वर टाका.

आणि उद्योगाची चाहूलही १९५५च्या आधीची आहे. कोल्विल नदीच्या पश्चिमेला नौदलाचं पेट्रोलियम राखीव क्षेत्र क्रमांक ४ हे १९२३ पासून होतं, आणि १९४४ ते १९५३ तिथे प्रत्यक्ष शोधविहिरी झाल्या. शेजारचं हॅरिसन बे शीट लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

---

खाजण

ताई, हे महत्त्वाचं आहे, मी थर जोडतो. हॅरिसन बेचं शीट जोडायचा प्रयत्न केला की मधल्या शिवणीवर जोड तिरपा येतो. काय करावं?

---

मोजपट्टी

१५० अंश पश्चिम ही यूटीएम झोन ५ आणि ६ यांची सीमा आहे. झोन ५ चा मध्य रेखांश १५३, झोन ६ चा १४७. सीमेवर दोन्ही बाजूंची ग्रिड-उत्तर, म्हणजे जाळीच्या उभ्या रेषांची दिशा, खऱ्या उत्तरेपासून सुमारे २.८ अंशांनी, पण उलट दिशांना कललेली असते. दोन शीटांमध्ये मिळून साडेपाच अंशांहून जास्त. म्हणून प्रत्येक शीट आपापल्या झोनमध्ये बसवा, समास कापा, मग दोन्ही ईपीएसजी ३३३८, म्हणजे अलास्का अल्बर्समध्ये रूपांतरित करून जोडा.

अल्बर्समध्ये क्षेत्रफळ बरोबर राहतं, अंतर नाही. त्याची प्रमाण अक्षवृत्तं ५५ आणि ६५. ७० अंशांवर पूर्व-पश्चिम अंतर सुमारे पावणेदोन टक्के जास्त दिसतं, दक्षिण-उत्तर तेवढंच कमी. बेटाचं सरकणं हे बरंचसं पूर्व-पश्चिम असतं, म्हणून अंतर नेहमी एलिप्सॉइडवर मोजा किंवा झोन ६ मध्ये परत नेऊन मोजा.

शीटवर छापलेला चुंबकीय दिक्पात, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन, त्या सालचा आहे. या भागात तो मोठा असतो आणि दशकागणिक अंशांनी बदलतो. आजच्या कामाला तो वापरू नये.

---

कागदवाली

छापील प्रत हाती असणाऱ्यांसाठी. इंची शीटचा नकाशाभाग साधारण ३६ × ४४ सेमी. दमट हवेत कागद धाग्याच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. अर्धा टक्का फुगला तरी ४४ सेमीत २.२ मिमी, जमिनीवर १४० मीटर. मुंबई-कोकणात पावसाळ्यात स्कॅन करू नका. वातानुकूलित खोलीत दोन दिवस सपाट ठेवून मग स्कॅन करा. रोलरमधून ओढणारा स्कॅनर कागद एका दिशेला ताणतो, सपाट काचेचा वापरा. काच लहान असेल तर तुकड्यांत स्कॅन करून प्रत्येक तुकड्यात निदान चार अक्षांश-रेखांश खुणा येतील असं पाहा, आणि आपसांत जोडण्याऐवजी प्रत्येक तुकडा स्वतंत्र बसवा.

घडी उलगडताना ओला बोळा फिरवू नये. टिपकागदांमध्ये ठेवून वरून सपाट वजन द्यावं. पारदर्शक पाकीट पॉलिस्टरचं घ्यावं, पीव्हीसीचं नको. चिकटपट्टी तर अजिबात नको.

---

उत्तरायण

आजच्या चित्रातली *नवी तळी* मोजण्याआधी दोन गोष्टी वगळा. खडीच्या खाणी : ओटे आणि रस्ते यांसाठी नदीपात्रांतून खडी काढली, ते खड्डे पाण्याने भरून तळ्यांसारखे दिसतात. कडा सरळ आणि रंग गडद असतो. दुसरं, रस्त्याला चिकटलेलं पाणी. गोठलेली जमीन वितळू नये म्हणून रस्ते सुमारे दीड मीटर खडीच्या भरावावर आहेत. तो भराव उन्हाळ्यातलं जमिनीवरून वाहणारं पाणी अडवतो, आणि वरच्या अंगाला डबकी साचतात. मूळ तळी लांबट, उत्तर-वायव्येकडे कललेली, एकमेकांना समांतर. वाऱ्याच्या आडव्या दिशेने वाढलेली. या रांगेत न बसणारं पाणी दिसलं की आधी जवळचा रस्ता शोधा.

---

खाजण

शेवटचा प्रश्न. चित्र तयार झाल्यावर खाली काय लिहू?

---

टिपणवही

इतकं तरी असावं : शीटचं नाव, प्रमाण आणि आवृत्ती. मूळ छायाचित्राचं साल. जांभळी सुधारणा आहे की नाही. मूळ डेटम आणि वापरलेली रूपांतर ग्रिड. पिंगोंवर मोजलेली चूक मीटरांत. आजच्या चित्राची तारीख. किनारा म्हणून पाण्याची कड घेतली की कड्याचा माथा. आणि 'निर्मनुष्य' हा शब्द कुठेही नको.

---

मोजपट्टी

त्यात एक भर. पट्टीवर अंतराचं माप देताना चुकीची लांबीही त्याच पट्टीवर काढा. ३७ मीटरची चूक असेल तर किनारारेषेभोवती ३७ मीटरांचा फिकट पट्टा. दोन्ही पट्टे एकमेकांवर येतात तिथे बाण काढू नका.